आपणच उठली

आमच्या शाळेत खो-खोचा संघ एकच होता आणि तो मुलग्यांचा होता. मुलींचा का नाही, असं कोणी विचारायचं नाही, कारण वर्गात आम्ही मुलीच मुळात पाच. पाच जणींचा कसला संघ होणार? आमच्यासाठी लेझीम होती, पंधरा ऑगस्टचं समूहगीत होतं आणि पाहुणे आले की सरबताचे पेले फिरवणं होतं. मुलगे मैदानावर गेले की आम्ही वर्गात बसून रुमालावर गाठींचे टाके घालायचो. मला त्या टाक्यांचा इतका तिटकारा होता की आजही कोणी भरतकामाचा रुमाल भेट दिला तर मी तो दुसऱ्याच दिवशी फरशी पुसायला घेते. सुनेला वाईट वाटतं, पण माझा इलाज नाही.

मी पळायला शिकले ते माकडांमागे. आमचं घर पावसच्या अलीकडे, रस्त्यावरून खाली उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या पाखाडीच्या शेवटी. मागे आंब्याची कलमं, पाच-सहा फणस, आणि वर काळाभोर कातळ. माकडांची टोळी उतरली की आई स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "शाले, धाव गो! फणसावर बसली मेली!" की मी हातातली भाकरी तशीच टाकून धावायची. माकड सरळ कधी पळत नाही. या झाडाच्या डावीकडून, त्या झाडाच्या उजवीकडून, असं नागमोडी पळतं, आणि त्याच्यामागे पळणाऱ्यालाही तसंच पळावं लागतं. खो-खोत याला साखळी म्हणतात हे मला पुष्कळ उशिरा कळलं. माझा दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, शाळेच्या संघाचा कप्तान. पण माकडांच्या बाबतीत आई त्याला कधी हाक मारायची नाही. त्याला तेवढं जमायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

घरात आम्ही तिघंच. बाबा बोटीवर. मालवाहू बोट, वर्षातून एकदा घरी यायचे, तेव्हा घरभर त्यांच्या साबणाचा वास सुटायचा आणि आई दोन महिने हळू आवाजात बोलायची. एरवी तिचा आवाज माडाच्या शेंड्यापर्यंत जायचा. सकाळी उकड्या तांदळाची पेज, वर खोबऱ्याचं तेल आणि चुलीत भाजलेला सुका बोंबील. दुपारी भात आणि कुळथाची पिठी. पेज ओतताना आई आधी दादाच्या थाळ्यात शितं घालायची, मग माझ्यात पाणी. मी म्हणायची, "मला पण शितं हवीत." ती म्हणायची, "त्याला धावायचं असतं." मी काय मग दिवसभर झोपून राहत होते? बाबा नसल्यामुळे देवपूजाही दादाकडे होती. बारा-तेरा वर्षांचा होता तेव्हापासून तो सोवळ्याचा पंचा नेसून देवांना अंघोळ घालायचा. घरातला पुरुष तोच, असं आई त्याच्यासमोरच चारचौघांना सांगायची. त्याची मान त्यामुळे ताठ व्हायची आणि कान लाल व्हायचे. आज वाटतं, त्या कानांकडे मी तेव्हा नीट बघायला हवं होतं.

मी सातवीत असताना संघातल्या एका मुलग्याला त्याचे मामा मुंबईला कामाला घेऊन गेले. संघात उरले आठ. खो-खोला नऊ लागतात आणि दहावा खेळणारा आमच्या शाळेत नव्हता. स्पर्धा दीड महिन्यावर. दळवी सर आमचे पीटीचे सर, बारीक अंगाचे, गळ्यात कायम शिट्टी. ते दोन दिवस व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "सर, मी येते." हे सांगायला मला किती धीर करावा लागला ते आता सांगून पटणार नाही. सर हसले नाहीत. त्यांनी मला आणि संघातल्या सगळ्यात वेगवान मुलग्याला मैदानाच्या एका टोकाला उभं केलं आणि शिट्टी मारली. मी जिंकले, आणि नुसती नव्हे, चांगली चार हात पुढे. सरांनी स्पर्धेचा कागद काढून पुन्हा वाचला. त्यात लिहिलं होतं, 'नऊ विद्यार्थी'. सर म्हणाले, "विद्यार्थिनी नको, असं कुठे लिहिलंय?"

पण अडचण वेगळीच होती, आणि ती दुसऱ्या दिवशीच्या सरावात पाचव्या मिनिटाला कळली. खो-खोत आठ गडी रांगेने आपापल्या चौकात उकिडवे बसलेले असतात, एकाआड एक उलट तोंडं करून. नववा पळत्या गड्याला शिवायला धावत असतो. बसलेल्याला आपल्या मनाने उठता येत नाही. धावणाऱ्याने मागून येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवायचा आणि त्याच वेळी मोठ्याने 'खो' म्हणायचं, की मग बसलेला उठणार आणि हा त्याच्या जागी बसणार. हात आणि शब्द, दोन्ही एकदम हवेत. नुसता हात चालत नाही आणि नुसता शब्द तर अजिबात चालत नाही, तो फाऊल. आता तेरा वर्षांच्या मुलीच्या पाठीवर हात कोण ठेवणार? मुलगे माझ्या मागे यायचे, थबकायचे आणि पुढच्या चौकाकडे पळायचे. मी पूर्ण नऊ मिनिटं बसून राहिले. पाय बधिर झाले, कोणी उठवलंच नाही. रडू आलं ते मी धुळीवर ढकललं.

तोडगा सरांनीच काढला. "विनायक," ते दादाला म्हणाले, "तू तिचा भाऊ आहेस. तिला खो तू द्यायचा. बाकीच्यांनी देऊ नका." दादाने मान हलवली. घरी जाताना पाखाडीवर मी त्याला विचारलं, "देशील ना रे?" तो म्हणाला, "देणार म्हणजे देणार. पण तू सूर मारून गडी पकडायचास, नाहीतर मुलगे माझीच चेष्टा करतील." एवढं बोलून त्याने माझ्या पाठीत असा दणका घातला की मी दोन पायऱ्या पुढे गेले. तो माझा पहिला खो. त्या दीड महिन्यात दादाने मला किती खो दिले असतील त्याची गणती नाही. त्याच्या पावलांचा आवाज मला मागे न बघता ओळखू यायला लागला. हात पाठीवर पडायच्या आधीच माझी टाच उचललेली असायची. एवढं सुख मला पुढे फार थोड्या गोष्टींनी दिलं. लग्नाने तर नाहीच.

आईची परवानगी हे दुसरं प्रकरण. ती म्हणाली, बाबांना पत्र घालते, ते म्हणतील तसं. बाबांचं उत्तर महिन्याने आलं. त्यात लिहिलं होतं की मागच्या पडवीची कौलं शाकारून घ्या, गाय व्यायली का ते कळवा, विनायकने गणितात लक्ष घालावं. माझ्या खेळाचं अक्षरही नव्हतं. आईने पत्र तीनदा वाचलं आणि म्हणाली, "नको असं काय लिहिलेलं नाय." तिनेच मग दादाच्या जुन्या अर्ध्या चड्डीला नाडी घालून दिली, स्कर्टच्या आत घालायला. आईबद्दल एवढं तरी चांगलं मला सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सांगायचं आहे.

स्पर्धा नवरात्रात आली. आमच्याकडे घट बसायचे. देव्हाऱ्यासमोर मातीत धान्य पेरलेलं, नऊ दिवस अखंड दिवा, आणि दोन्ही वेळा घटाला पाणी घालायचं काम दादाचं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी मला कावळा शिवला. आता घराघरात हा शब्द कोणाला माहीत नाही, म्हणून सांगते: पाळी आली. चार दिवस मागच्या पडवीत तरटावर बसायचं, आपला तांब्या, आपली थाळी वेगळी, आणि कोणाला शिवायचं नाही. आई भाकरी वरून हातावर टाकायची. माझी ती तिसरी की चौथी वेळ. एरवी मी मुकाट बसले असते, पण त्या दिवशी मी भाकरी उचलून अंगणात फेकली.

"उद्या जायचं नाय," आई म्हणाली. "घटाचे दिवस आहेत. आणि हा खेळ म्हणजे नुसती शिवाशिव."

खरंच होतं ते. खेळातही शिवणं आणि घरातही शिवणं, शब्द एकच. मैदानावर मी ज्याला शिवेन तो बाद, आणि घरात मी ज्याला शिवेन तोही बादच.

माझ्यासाठी दादा भांडला. मी नाही गेले तर संघात आठच, म्हणजे संघ खेळायच्या आधीच बाद, आणि त्याचं ते शाळेतलं शेवटचं वर्ष. तो आईच्या मागे मागे चुलीपासून विहिरीपर्यंत फिरला. शेवटी आई रहाटाजवळ थांबली. "जाऊ दे तिला," ती म्हणाली, "पण तू तिला शिवायचं नाय. तुला सांजेला घटाला पाणी घालायचं आहे. घे शपथ माझ्या गळ्याची." मी पडवीतून सगळं ऐकत होते. दादाने आईच्या गळ्याला हात लावला आणि म्हणाला, "गळ्याशप्पथ, नाही शिवणार." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. बादलीभर पाणी डोक्यावरून घेतलं असतं की सुटला असता तो, पण घटाच्या दिवसांत आईचा बादलीवर भरवसा नव्हता. समोरच्या संघातल्या मुलग्यांना मी शिवले तर मात्र आईची हरकत नव्हती. ते आमच्या घटाला पाणी घालायला थोडेच येणार होते!

हातखंब्याच्या बाजूला एका शाळेचं मैदान होतं, तिथे सामने. आम्ही टेंपोतून गेलो. मी मागच्या फळीला टेकून एका बाजूला, दादा पार दुसऱ्या टोकाला. मुलग्यांना वाटलं, आमचं भांडण झालंय. जुन्या लुगड्याच्या घड्या बांधलेल्या, वर दादाची चड्डी, वर निळा स्कर्ट, आणि डोक्यात सारखं एकच की काही दिसणार तर नाही ना. मैदानावर गर्दी ही! "पोरगी हाय रे पोरगी!" असा ओरडा झाला. आधी आमची पळती होती. त्यांच्या मुलग्यांना मला शिवायची लाज वाटत होती. हात पुढे करायचे आणि मागे घ्यायचे. त्यामुळे मी पुष्कळ वेळ टिकले आणि ते सगळं मला माझंच कर्तृत्व वाटलं. मूर्ख मी!

मग आम्ही बसलो, मी चौथ्या चौकात. पहिली चार-पाच मिनिटं दादा माझ्या मागून तीनदा गेला. त्याची पावलं यायची, माझी टाच उचलायची, आणि पावलं पुढे निघून जायची. बाकीचे तर सरांच्या सांगण्याप्रमाणे मला खो देणारच नव्हते. मी दगडासारखी बसलेली. गर्दीतून ओरडत होते, "अरे बहिणीला दे, बहिणीला दे!" सर बाहेरून ओरडत होते, "विनायक, शालूला दे!" त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत? मला माहीत होतं आणि दादाला. सबंध मैदानात आम्ही दोघंच.

त्यांचा शेवटचा गडी उंच, काटकुळा, भलता हुशार. चौथ्या चौकातल्या मुलीला कोणी उठवत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला, हातभर अंतरावर, कमरेवर हात ठेवून दम घ्यायला. वर मला म्हणतो, "बस गो बाय, बस आरामात." एवढा एक बाद झाला असता की आम्ही बरोबरीत आलो असतो. त्याच्या गुडघ्यावरचं खरचटलेलं मला दिसत होतं. हात लांबवला की हाताला लागला असता. पण उठायचं कसं? मी त्या गुडघ्याकडे बघत होते आणि मला घाम फुटला होता आणि संतापाने माझे दात वाजत होते. असं अडकणं मी पुढे आयुष्यात खूप पाहिलं, पण त्या चौकातल्याएवढं कुठलं नाही.

मागे दादाची पावलं आली. थांबली. मी मान न वळवता म्हटलं, "दे."

आणि त्याने मोठ्याने म्हटलं, "खो!"

मी उठले. उठले म्हणजे काय, सुटलेच. काटकुळा वळतोय तोवर मी सूर मारला आणि त्याच्या चड्डीची पट्टी माझ्या बोटांत आली. मी पालथी पडले, तोंडात लाल माती, आणि मी हसत होते. मग शिट्टी झाली. पंच आमच्याकडे आले, एक जाडे गृहस्थ. म्हणाले, "या ओरड्यात मला खो ऐकू आला नाही, आणि पाठीला हात लागलेलाही दिसला नाही." दादाला विचारलं, "हात लावलास का रे?"

हात लागलाच नव्हता. मला ते पळतानाच कळलं होतं. पाठीवर काही पडलं नव्हतं, नुसता शब्द आला होता. दादाला तेवढंच जमलं होतं: आईची शपथ एका हातात आणि माझा खो दुसऱ्या. "खो म्हटला, पण हात लावला नाही," एवढं तो म्हणाला असता तर फाऊल झाला असता, आणि लोक विसरले असते. पण मग पंचांनी विचारलं असतं, स्वतःच्या बहिणीला हात का लावला नाहीस? त्याचं उत्तर त्या गर्दीत तो कसं देणार होता? त्याचे कान लाल लाल झाले. आणि तो म्हणाला, "मी खो दिलाच नाही. ही आपणच उठली."

मी बोलू शकले असते. ओरडून सांगू शकले असते की हा खोटं बोलतोय. पण माझ्याही तोंडून तेच कारण बाहेर आलं असतं. मी मातीत बसून राहिले. राहिलेलं मिनिट संपलं, तो काटकुळा टिकला आणि आम्ही एका गड्याने हरलो. दळवी सर मला एवढंच म्हणाले, "शालू, खेळाचा पहिला नियमसुद्धा तुला कळू नये?" ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

घरी आलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. आई पाखाडीच्या पायथ्याशी उभी. हरलो की जिंकलो, तिने विचारलं नाही. दादाला म्हणाली, "शिवलास नाय ना?" तो म्हणाला, "नाही." "शाणा माझा," ती म्हणाली आणि त्याच्या हातात घटाचा तांब्या दिला. मी मागच्या पडवीत गेले. लोक म्हणतात, जुन्या माणसांना दोष देऊ नये, त्यांना जे माहीत होतं तशी ती वागली. मी देते दोष. आई जाऊन वीस वर्षं झाली तरी देते, आणि तिच्या हातच्या पिठीची आठवण आली की डोळ्यांत पाणीही येतं. दोन्ही माझंच आहे.

ते दोन शब्द मात्र माझ्या मागे लागले. संघातून नाव गेलं ते गेलंच. शाळेत मी दिसले की मुलगे म्हणायचे, "आपणच उठली!" पुढे अकरावीला रत्नागिरीत राहून शिकायचा हट्ट धरला, तेव्हा वाडीत म्हणाले, ही पहिल्यापासूनच तशी, आपणच उठणारी. पहिलं स्थळ नाकारलं तेव्हाही तेच. मी शिक्षिका झाले, नवरा गेल्यावर एकटीने घर चालवलं, तेव्हा तेच शब्द कौतुकाने म्हणणारेही भेटले. मला कौतुकाचेही नको होते. मी आपणच उठले नव्हते. मला खो मिळाला होता, मी कानांनी ऐकला होता, आणि हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. तो दर भाऊबीजेला माझ्याकडून ओवाळून घ्यायचा आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मीही काढला नाही. इतकी वर्षं आम्ही दोघं त्यावरून पाय उचलून चालत राहिलो.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दादाकडे सगळे जमलो होतो, त्याची मुलं, सुना, माझा मुलगा. मी मागच्या अंगणात जमिनीवर बसून कोकमाची फळं फोडत होते, हात मनगटापर्यंत लाल. दादाची नात मुंबईहून आलेली, चौदा वर्षांची. ती शाळेच्या फुटबॉल संघात मुलग्यांबरोबर खेळते. पडवीत सगळे पुरुष बसलेले, आणि ही पायात बूट चढवत कातळावर सरावाला निघालेली. तिची आई म्हणाली, आज नको जाऊस. त्यावर ही खणखणीत आवाजात, "मम्मी, पिरियड्स आहेत, ताप नाहीये!" आणि जाता जाता लोणच्याच्या बरणीत हात घालून एक फोड तोंडात टाकून गेली. पडवीतल्या गप्पा तशाच चालू राहिल्या. एवढं सोपं होतं हे? मला त्या पोरीचा अभिमान वाटला आणि तिचा इतका हेवा वाटला की हातातलं फळ चिरडलं.

थोड्या वेळाने मागे पावलं वाजली. आता काठी असते बरोबर, तरी मी ओळखली. पावलं थांबली. मी वळले नाही. मग माझ्या पाठीवर हात पडला, हलका, आणि दादा अगदी हळू म्हणाला, "खो."

मी कोकम खाली ठेवलं. "मोठ्याने म्हण," मी म्हटलं. "पंचांना ऐकू गेलं पाहिजे."

त्याची काठी सरकली. मला वाटलं, गेला हा, पुन्हा गेला. पण हात पाठीवरच होता. आणि मग त्याच्या त्या म्हाताऱ्या छातीतून असा मोठा "खो!" निघाला की फणसावरचे कावळे उडाले. पडवीतले सगळे उठून दारात आले. त्याची मोठी सून हातातला आमटीचा डाव घेऊनच धावली. "काय झालं बाबा? काय झालं?"

दादाने हात काढला नाही. त्याचे कान लाल झाले होते. "मी खो दिला होता हिला," तो सगळ्यांना म्हणाला. "तेव्हा. ही आपणच उठली नव्हती."

कोणाला काही कळलं नाही. सून माझ्याकडे बघत राहिली. मी तिला म्हटलं, "काय नाही गो, तुझ्या सासऱ्याने फाऊल सुधारला," आणि लाल हात गुडघ्यांवर टेकून मी उठले.